अदलाबदल वडिलांची, निस्तरायची लेकरांनी



या आठवड्यात एक साधे काम करा. घरातल्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला सातबाऱ्याचा उतारा बाहेर काढा आणि तो हातात घेऊन शेतावर जा. उताऱ्यावर जो गट नंबर छापलेला आहे, तोच गट आपण कसतो आहोत का, हे पाहा. ज्यांचा गट तोच निघेल त्यांनी निश्चिंत व्हावे. पण आमचा अनुभव असा की, गावोगावी पुष्कळ घरांत हा मेळ बसत नाही. शेत कसतो एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे. दोघेही प्रामाणिक असतात, कोणी कोणाचे लुबाडलेले नसते. तरीही कागद एकीकडे आणि नांगर दुसरीकडे, अशी अवस्था असते. आजच्या सदरात आम्ही याच प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

उदाहरणासाठी आपण लासलगावची पंचक्रोशी घेऊ. निफाड तालुक्यातील हे गाव कांद्यामुळे देशभर माहीत आहे. येथील बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली आणि आज तिची गणना आशियातील मोठ्या कांदा बाजारांत होते. पण कांदा पिकतो तो बाजारात नव्हे, शेतात. त्या शेतांची कहाणी बाजारभावाच्या बातमीत येत नाही.

एके काळी या भागातील बहुतेक शेती पावसावर होती. पुढे पालखेडचे पाणी निफाड-येवल्याकडे आले, विहिरी खोल गेल्या, मोटा जाऊन इंजिने आणि मग विजेच्या मोटारी आल्या. पाणी आले तशी जमिनीची सोयही बदलली. समजा, एका गावात दोन शेजारी आहेत. पहिल्याची विहीर ओढ्याकाठी आहे, पण त्याचे दुसरे रान पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्याचे रान पहिल्याच्या विहिरीला लागून आहे, पण त्याचे घर आणि गोठा त्या दुसऱ्या टोकाला. दोघे पारावर बसतात. एक म्हणतो, "तुझं ते रान माझ्या विहिरीखाली येतंय, माझं हे तुझ्या घराला लागून आहे. बदलून टाकू." चार माणसे साक्षीला असतात, सुपारी फुटते, चहा होतो आणि पुढच्या पेरणीला दोघांची औते एकमेकांच्या रानात चालू लागतात. तलाठ्याकडे कोणी जात नाही. दस्त कोणी करत नाही. शब्द हाच दस्त.

हे एक कारण झाले. दुसरे कारण सरकारी आहे. १९४७ साली मुंबई सरकारने जमिनीचे तुकडे पडू नयेत आणि विखुरलेल्या जमिनी एकत्र याव्यात म्हणून कायदा केला. त्या कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरणाची योजना राबवली गेली. जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर जमिनी इकडच्या तिकडे झाल्या. पण अनेक ठिकाणी शेतकरी आपल्या जुन्याच रानात राहिला. बापाने लावलेला आंबा, आजोबाने खोदलेली विहीर सोडून कोण जाणार? कागदाने त्याला हलवले, पण तो हलला नाही. तिसरे कारण घरातले. भावाभावांनी तोंडी वाटण्या केल्या, सोयीप्रमाणे तुकडे बदलून घेतले आणि उतारा तसाच राहू दिला.

वडिलांच्या हयातीत यातून फारसे बिघडले नाही. ज्याने शब्द दिला तो जिवंत होता, ज्याने घेतला तोही जिवंत होता. सारा ज्याच्या नावाचा त्याने भरावा, पीक ज्याच्या कष्टाचे त्याने न्यावे, असा सरळ हिशेब होता. मग आताच ही अडचण का उभी राहिली?

उत्तर असे की, आता सगळे काही उताऱ्यावर चालते. सोसायटीचे पीककर्ज उताऱ्यावर मिळते. पीकविमा उताऱ्यावर मिळतो. केंद्र सरकारची शेतकरी सन्मान निधीची रक्कम जमिनीच्या नोंदीवर मिळते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे कोणत्या गटात कोणते पीक आहे हे मोबाइलवर नोंदवायचे. २०२५ पासून शेतकऱ्याला ओळख क्रमांक देऊन त्याची जमीन त्या क्रमांकाला जोडण्यात येत आहे. रस्ता, कालवा किंवा रेल्वेसाठी जमीन संपादित झाली तर मोबदल्याची नोटीस उताऱ्यावरच्या नावाने निघते. कसणारा बांधावर उभा राहून पाहत राहतो.

कांद्याचेच उदाहरण घ्या. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. तेव्हा राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात बाजार समितीत विकलेल्या कांद्यासाठी क्विंटलला ३५० रुपये आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केले. त्यासाठी विक्रीची पट्टी हवी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंदही हवी, असे ठरले. पुष्कळांच्या उताऱ्यावर पिकाची नोंदच नव्हती. त्यावरून ओरड झाली आणि गावपातळीवर पाहणी करून दाखला देण्याची सवलत द्यावी लागली. आता विचार करा, ज्याच्या रानाचा उताराच दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याने काय करावे? कांदा त्याचा, घाम त्याचा, पट्टी त्याच्या नावाची, आणि सातबारा शेजाऱ्याचा! २०० क्विंटलचे ७०,००० रुपये होतात. गरीब घरात तेवढ्या पैशांत लेकीचे कॉलेजचे वर्ष निघते किंवा आईचे ऑपरेशन होते.

यापुढचा धोका याहून मोठा आहे. शब्द देणारे दोघे म्हातारे एक दिवस जातात. वारसांची नावे उताऱ्यावर चढतात. त्यांतला एखादा मुलगा नाशिकला, एखादा पुण्याला नोकरीला असतो. तो उतारा काढतो आणि म्हणतो, "कागदावर विहिरीजवळचं रान आमचं आहे. आम्हाला ते हवं." दरम्यान त्या रानात शेजाऱ्याने पाइपलाइन टाकलेली असते, द्राक्षबाग उभी केलेली असते, कांद्याची चाळ बांधलेली असते. मग बांधावर काठ्या निघतात. पोलीस ठाणे, तहसील, दिवाणी न्यायालय अशी वारी सुरू होते. ज्यांच्या बापांनी एका सुपारीवर विश्वास ठेवला, त्यांची पोरे एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे. दोन माणसे एका वस्तूच्या मालकीच्या बदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी एकमेकांना देतात आणि दोन्ही बाजूंनी नुसता पैसा नसतो, तेव्हा ती अदलाबदल. ही अदलाबदल विक्रीसाठी जी रीत सांगितली आहे, त्याच रीतीने करावी लागते. याचा अर्थ असा की, शंभर रुपयांहून अधिक किमतीची जमीन असेल तर नोंदणीकृत दस्त पाहिजेच. १९०८ च्या नोंदणी कायद्यानेही हेच बंधन घातले आहे. आज शंभर रुपयांच्या आत कोणते रान आहे? तेव्हा पारावरची अदलाबदल माणुसकीत खरी असली तरी कायद्यात मालकी देत नाही. साध्या कागदावर किंवा नुसत्या स्टँपवर लिहून अंगठे उमटवले तरी मालकी जात-येत नाही.

काही जण म्हणतात, "आमचा ताबा तीस वर्षांचा आहे. बारा वर्षांनी जमीन आपोआप आपली होते." हे अर्धसत्य आहे. बारा वर्षांच्या प्रतिकूल ताब्याचा हक्क कायद्यात आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की, असा ताबेदार केवळ बचावासाठी नव्हे, तर स्वतः दावा लावूनही हा हक्क मागू शकतो. पण 'आपोआप' काहीच होत नाही. ताबा उघड होता, अखंड होता आणि समोरच्याची मालकी नाकारून होता, हे पुराव्यानिशी शाबित करावे लागते. समोरचा म्हणतो, "हा आमच्या संमतीने कसत होता." मग साक्षीदार शोधा, पावत्या शोधा, तारखा भोगा. शिवाय गंमत अशी की, तुम्ही शेजाऱ्याच्या रानावर जो हक्क सांगाल, तोच शेजारी तुमच्या रानावर सांगेल. जे दोघांच्या संमतीने झाले, ते दोघांनी एकमेकांविरुद्ध लढून मिळवायचे, यात शहाणपण नाही.

मग लोकांनी दस्त का केले नाहीत? अज्ञान हे एक कारण आहेच, पण खर्च हे दुसरे आणि मोठे कारण आहे. अदलाबदलीच्या दस्तावर मुद्रांक शुल्क दोन जमिनींपैकी जिची किंमत जास्त, तिच्या बाजारमूल्यावर विक्रीप्रमाणे लागते. ज्या जमिनीचे सरकारी मूल्य २० लाख रुपये आहे, तिला शेकडा पाच रुपये दर धरला तरी एक लाख रुपये होतात. त्यावर नोंदणी फी वेगळी. कोणीही काही विकत घेतलेले नाही, कोणाच्या हातात पैसा आलेला नाही, आणि तरी लाखभर रुपये भरा! गरीब शेतकऱ्याने हात जोडले आणि परत फिरला.

ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने ३ जानेवारी २०२३ रोजी 'सलोखा' नावाची योजना काढली. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिल्याच्या ताब्यात, अशी स्थिती असेल आणि दोघेही राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये एवढीच घ्यायची, असा तो निर्णय आहे. लाखाच्या जागी दोन हजार! योजना सुरुवातीला दोन वर्षांची होती. २०२५ साली तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली. ज्यांना लाभ घ्यायचा असेल त्यांनी मुदतीची तारीख तहसील कार्यालयात विचारून खात्री करून घ्यावी. "पुन्हा वाढेल" या भरवशावर राहू नये.

योजनेच्या मुख्य अटी आम्ही सोप्या भाषेत सांगतो. ही सवलत शेतजमिनीलाच आहे. घराची जागा, बिनशेती प्लॉट, दुकानाची जागा यांना ती नाही. एकमेकांच्या जमिनीचा ताबा किमान बारा वर्षांचा असला पाहिजे. आज नवी अदलाबदल करून ही सवलत मिळणार नाही. दोघांची संमती हवी, एकाने नाही म्हटले तर योजना लागू होत नाही. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन ताब्याचा पंचनामा करतात. आजूबाजूच्या गटधारकांच्या सह्या पंचनाम्यावर लागतात. पंचनाम्याचे प्रमाणपत्र दस्ताला जोडावे लागते. दोन्ही जमिनींच्या क्षेत्रात फरक असला तरी चालतो. पूर्वी कोणी जास्त शुल्क भरून दस्त केला असेल, तर त्याला परतावा मिळत नाही.

जमिनीची अदलाबदल कायदेशीर करण्याची धडपड काही आपल्याकडेच झालेली नाही. इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्याने शेजारच्या जमीनदारांना सरकारी आयुक्तांच्या हुकमाने जमिनी बदलून घेण्याची सोय केली. पंजाबात १९२० च्या सुमारास शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून विखुरलेले तुकडे आपसात बदलून एकत्र केले. सर्वांच्या संमतीने झालेले काम टिकले, असाच तिकडचाही धडा आहे.

आपल्या वाचकांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. लहान आणि विखुरलेल्या जमिनींच्या या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९१८ सालीच अर्थशास्त्राचा प्रबंधवजा लेख लिहिला होता. तुकडे जोडले म्हणजे शेतकरी सुखी झाला, ही समजूत त्यांनी खोडून काढली. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. शेतकऱ्याजवळ भांडवल किती, अवजारे किती, यावर ते ठरते, असे त्यांनी मांडले. शेतीवर बसलेला माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय खरा उपाय नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९२७ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या कायदेमंडळात लहान जमिनींविषयीचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. जोडण्याच्या नावाखाली लहान शेतकरी जमिनीवरून उठेल, ही त्यांची भीती होती. त्याऐवजी सहकारी शेतीचा मार्ग त्यांनी सुचवला. कायदा चांगल्या हेतूने आला तरी त्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे बाबासाहेब आधी पाहत.

म्हणून 'सलोखा' या गोड शब्दाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो. योजना चांगली आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. पण सलोखा कोणाचा कोणाशी, हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये.

दोन बरोबरीच्या शेतकऱ्यांनी सोयीसाठी रान बदलले, तर त्यांना कागद मिळाला पाहिजे आणि तो स्वस्तात मिळाला पाहिजे. पण गावात सगळेच बरोबरीचे असतात का? वस्तीतल्या गरिबाचे गावालगतचे, पाण्याजवळचे रान होते. गावातल्या वजनदार माणसाने म्हटले, "तुला ते काय करायचंय? माझं माळावरचं घे, क्षेत्र जास्त आहे." गरिबाला नाही म्हणता आले नाही. मजुरी त्याच्याच शेतात, उसनवारी त्याच्याकडून, लेकीच्या लग्नाला ज्वारीचे पोते त्याच्याच घरातून. ही अदलाबदल म्हणायची की आणखी काही? आज चाळीस वर्षांनी तोच माणूस किंवा त्याचा मुलगा म्हणेल, "चल, दोन हजारांत कागद करून टाकू." अशा ठिकाणी गरिबाच्या हातात एकच शस्त्र शिल्लक आहे, ते म्हणजे उताऱ्यावरचे त्याचे नाव. सही केली की तेही गेले.

आम्ही भांडण पेटवा असे म्हणत नाही. आम्ही म्हणतो, हिशेब करा. दोन्ही रानांचे सरकारी मूल्य काढा, पाणी कुठे आहे, रस्ता कुठे आहे, जिरायत कोणते, बागायत कोणते, हे कागदावर मांडा. फरक असेल तर तो उघड बोला. जमिनीच्या बदल्यात जमीन आणि वरून काही रक्कम, हेही १८८२ च्या कायद्यातल्या अदलाबदलीत बसते. किंवा विहिरीतल्या पाण्याचा वाटा, शेतात जाण्याचा रस्ता, पाइपलाइन नेण्याचा हक्क मागून घ्या. जे ठरेल ते दस्तात लिहून घ्या. तोंडी ठरलेल्या गोष्टीने एकदा घोळ झाला आहे, तो दुरुस्त करताना पुन्हा तोंडी काही ठेवू नका. आणि रकमेची देवघेव असेल तर सवलतीवर त्याचा काय परिणाम होतो, हे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

याहून गंभीर प्रश्न वतनाच्या जमिनींचा आहे. आपल्या समाजातल्या कित्येक घरांकडे जी जमीन आहे, ती पूर्वी महार वतनाची होती. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदाराला राबवून घेतले आणि बदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते दिले. ही गुलामीची साखळी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. अखेर कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा मिळाल्या. पण त्या नव्या शर्तीवर मिळाल्या. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या दुसऱ्याला देता येत नाहीत. उताऱ्यावर अशा जमिनीपुढे 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'नवीन शर्त' असे लिहिलेले असते.

अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय बदलून दिली, तर तो शर्तभंग ठरतो आणि शर्तभंगाने जमीन सरकारजमा होऊ शकते. बापजाद्यांनी पिढ्यान्पिढ्या वेठ करून जी जमीन टिकवली, ती एका चुकीच्या दस्ताने गमवायची का? तेव्हा उताऱ्यावर वर्ग २ दिसले की थांबा. आधी तहसील कार्यालयातून लेखी माहिती घ्या, परवानगीचा अर्ज करा आणि परवानगी हातात आल्यावरच दस्ताचे बोला. कोणी मध्यस्थ म्हणेल, "त्याचं काही नसतं, मी करून देतो." त्याला म्हणा, "तेच लिहून दे." तो लिहून देणार नाही. आदिवासी बांधवांच्या जमिनींनाही असेच, किंबहुना याहून कडक संरक्षण आहे. त्यांच्या जमिनीशी अदलाबदल करतानाही हाच नियम ध्यानात ठेवा.

आता एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. उताऱ्यावर भावांची नावे असतात आणि बहिणींची 'इतर हक्कात' किंवा कुठेच नसतात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर काय, यावर बरीच वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यातून वगळल्या आहेत. तेव्हा भावांनी आपसात सह्या करून जमीन बदलून टाकली आणि बहिणीला विचारलेच नाही, तर तो दस्त पुढे अडचणीत येतो. बहिणीला बोलवा. तिला समजावून सांगा. आईला सांगा. त्यांची सही ही केवळ औपचारिकता समजू नका, तो त्यांचा हक्क आहे. आणि भगिनींनो, "सही कर, बाकी आम्ही बघतो" असे कोणी म्हणाले, तर दस्त पूर्ण वाचल्याशिवाय, निदान कोणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. अदलाबदलीच्या दस्तात हक्कसोडीचे एखादे वाक्य घुसवलेले नाही ना, हे मुद्दाम पाहा.

ज्यांचे प्रकरण सरळ आहे, दोघे राजी आहेत, जमीन वर्ग १ आहे, त्यांनी कामाला लागावे. क्रम असा ठेवा. प्रथम दोन्ही जमिनींचे सातबारा आणि आठ-अ काढा. जुने फेरफार काढा, म्हणजे जमीन कोणाकडून कशी आली हे कळेल. एकत्रीकरणाच्या वेळचा उतारा मिळाला तर उत्तम. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, ते पाहा. बोजा असेल तर तो फेडा किंवा बँकेची लेखी संमती घ्या. गटाच्या एका भागाचीच अदलाबदल असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून हद्दी कायम करा, नाहीतर दस्त होईल आणि बांधाचे भांडण तसेच राहील. तुकडेबंदीच्या कायद्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरलेले असते. आपल्या दस्ताने त्याहून लहान तुकडा तयार होत नाही ना, हे विचारून घ्या. मग पंचनामा, मग दस्त, मग नोंदणी.

दस्त झाला म्हणजे काम संपले, असे समजू नका. फेरफाराची नोंद होऊन ती मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली आणि नव्या नावाचा सातबारा हातात आला, म्हणजे एक टप्पा पुरा झाला. हेही लक्षात ठेवा की, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. खरी मालकी नोंदवलेल्या दस्ताने मिळते. म्हणून दस्ताची मूळ प्रत जपून ठेवा आणि तिच्या दोन-तीन प्रती मुलामुलींच्या घरीही ठेवा. एक दिलासाही सांगतो. अदलाबदल झाल्यावर समोरच्याची मालकीच सदोष निघाली आणि जमीन तुमच्या हातून गेली, तर कलम ११९ प्रमाणे तुम्हाला नुकसानभरपाई मागता येते. तुम्ही दिलेली जमीन त्याच्याकडेच असेल, तर ती परत मागण्याचाही हक्क आहे. पण हा हक्क दस्त असणाऱ्याला आहे, सुपारी फोडणाऱ्याला नाही.

काही वाचक विचारतील, आमच्यातल्या किती जणांकडे जमीन आहे? प्रश्न रास्त आहे. याच नाशिक जिल्ह्यातले कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते आपल्या लोकांकडे जमीन नव्हती म्हणूनच. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आजही आपले बहुतेक लोक दुसऱ्याच्या शेतात कांदा लावायला आणि काढायला जातात. पण म्हणूनच ज्या थोड्या घरांकडे दोन-चार बिघे आहेत, त्यांच्या नावावरचा कागद चोख असला पाहिजे. जे मोठे आहेत, त्यांना वकील मिळतो, ओळखी मिळतात. आपल्याला कागदच तारतो.

आपल्या विहारात रविवारी माणसे जमतात. वंदना झाल्यावर अर्धा तास या कामासाठी द्या. ज्या तरुण-तरुणींना मोबाइलवर सातबारा काढता येतो, त्यांनी प्रत्येक घराचा उतारा काढून वाचून दाखवावा. म्हाताऱ्यांना विचारावे, "आजोबा, हे रान आपलं कसं झालं? कोणाकडून आलं? साक्षीला कोण होतं?" जे सांगतील ते वहीत लिहून घ्यावे, तारीख घालावी आणि त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा. ही माहिती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. ती त्या एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तो आज आहे.

ज्यांनी पारावर शब्द दिले ते म्हातारे अजून काही घरांत हयात आहेत. ते दोघे एकत्र बसून जे एका दिवसात मिटवतील, ते त्यांच्या पश्चात त्यांच्या नातवंडांना वीस वर्षांत मिटवता येणार नाही. तेव्हा हे काम पुढच्या सुगीवर टाकू नका. पुढच्या अंकात आम्ही शेतरस्त्याच्या अडवणुकीविषयी लिहू.

जयभीम!